रिपोर्ट नॉर्मल, तरी जीव थाऱ्यावर नाही: आजाराची भीती आणि पुन्हापुन्हा तपासण्या, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे वडील २०१८ च्या दिवाळीनंतर गेले. हार्ट अटॅक, वय ५८. आदल्या रात्री गॅस झालाय म्हणून त्यांनी सोडा घेतला होता. महिन्याभरातच माझ्या छातीत डाव्या बाजूला टोचायला लागलं. पुढच्या तीन वर्षांत मी ११ ईसीजी, २ टू-डी इको, ४ सोनोग्राफ्या आणि एक एंडोस्कोपी केली. रक्ताच्या तपासण्यांचा हिशेब मी ठेवलेला नाही. कशातच काही निघालं नाही आणि भीती मात्र वाढत गेली. २०२१ च्या शेवटी उपचार सुरू झाले ते मनाच्या डॉक्टरांकडे.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवते, मी डॉक्टर नाही. या त्रासातून गेलेली आणि जात असलेली आम्ही सात-आठ माणसं दर पंधरा दिवसांनी एकत्र बसतो. तिथे जे प्रश्न पुन्हापुन्हा निघतात, तेच इथे घेतले आहेत.

मला खरंच त्रास होतो. मग डॉक्टर "काही नाही" कसं म्हणतात?

"काही नाही" याचा अर्थ "या तपासणीत धोक्याचं काही दिसलं नाही" एवढाच असतो. तुम्हाला दुखतच नाही, असं ते म्हणत नसतात. पण आपल्याला ते तसंच ऐकू येतं आणि मग "हे मला खोटारडी समजतात" म्हणून आपण दुसरा डॉक्टर गाठतो.

भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनलिन सुटतं. ठोके वाढतात, छातीचे आणि मानेचे स्नायू आवळतात, पोटात गोळा येतो. श्वास भरभर आणि वरवर चालू होतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. यातलं एकही लक्षण काल्पनिक नाही, ती शरीरातच घडतात. अडचण अशी की ही यादी हार्ट अटॅकच्या यादीशी बरीच जुळते, आणि ज्याच्या घरात नुकतंच कोणी तसं गेलंय त्याला ती जुळणारच.

दुसरी गोष्ट म्हणजे एकाच जागेकडे सतत लक्ष देणं. माझ्या डाव्या जबड्याखाली वाटाण्याएवढी गाठ होती. दाढेचं दुखणं झालं होतं, त्यानंतर ती हाताला लागली. वह्या तपासताना उजव्या हातात लाल पेन आणि डाव्या हाताची दोन बोटं त्या गाठीवर. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा मी ती दाबत असेन. दाबून दाबून ती दुखायला लागली, दुखते म्हणजे वाढली, वाढली म्हणजे कॅन्सर. एका वयस्कर डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "बाई, पंधरा दिवस हिला हात लावू नका, मग या." तेराव्या दिवसापर्यंत दुखणं गेलं होतं. गाठ आजही तिथेच आहे, तेवढीच आहे.

याला आजार म्हणायचं की स्वभाव?

काळजी करणं हा स्वभाव असू शकतो. पण गंभीर आजार झालाय किंवा होणार, ही भीती सहा महिन्यांहून जास्त टिकते, तपासण्या स्वच्छ येऊनही जात नाही आणि तिच्यापायी झोप, नोकरी, संसार यांचं नुकसान व्हायला लागतं, तेव्हा त्याला आजार म्हणायला हवं. पूर्वी डॉक्टर "हायपोकॉन्ड्रिया" म्हणायचे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ बरगड्यांच्या खालचा भाग, कारण या तक्रारींचं मूळ तिथल्या अवयवांत आहे असं जुने वैद्य मानत. तो शब्द पुढे हिणवण्यासाठी वापरला जायला लागला. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ च्या वर्गीकरणात तो काढला आणि आजाराची चिंता या अर्थाचं नाव दिलं. जागतिक आरोग्य संघटनेचं नवं वर्गीकरण २०२२ पासून लागू झालं, त्यात हा त्रास ओसीडीच्या, म्हणजे मंत्रचळाच्या गटात ठेवलाय. मला ही जागा फार पटते. कुलूप लागलंय ना, म्हणून पाच वेळा परत जाऊन ओढून बघणारा माणूस आणि पाचवा ईसीजी काढणारी मी, आमचं मन एकाच पद्धतीने चालत होतं.

रिपोर्ट नॉर्मल आला की चार दिवस बरं वाटतं. मग पुन्हा शंका येते. असं का होतं?

सगळ्या प्रश्नांचं मूळ इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

लॅबची पीडीएफ संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास फोनवर यायची. ती मी सगळ्यांसमोर उघडायची नाही. बाथरूममध्ये जायचं, कडी लावायची, आणि आकडे न वाचता आधी ठळक अक्षरं शोधायची, कारण मर्यादेबाहेरचा आकडा लॅबवाले ठळक छापतात. ठळक काही नाही, हे कळलं की छातीवरचा दगड उतरायचा. त्या रात्री मी शिरा करायचे, आईला फोन करायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मनात यायचं, "सॅम्पल बदललं असेल तर?" नाहीतर, "ईसीजी काढला तेव्हा दुखत नव्हतं, दुखत असताना काढला असता तर दिसलं असतं."

त्या सुटकेच्या क्षणी मेंदू काय शिकतो ते बघा. भीती आली, रिपोर्ट आला, भीती गेली. म्हणजे रिपोर्टने वाचवलं. पुढच्या वेळी भीती आली की तो रिपोर्टच मागणार. आणि भीती आपली आपणही ओसरते, हे शिकायची संधी त्याला मिळतच नाही, कारण आपण तिला ओसरू देण्याआधीच धावतो. नायटा खाजवला की क्षणभर बरं वाटतं आणि तो पसरतो, तसं. ब्रिटनमधल्या सॉल्कोव्हस्किस आणि वॉर्विक या संशोधकांनी १९८६ मध्ये हेच मांडलं की धीर मिळवत राहणं हाच या चिंतेचा खुराक आहे. आजचे बहुतेक उपचार त्याच विचारावर उभे आहेत.

शिवाय आपण जे मागत असतो ते कुठल्याही यंत्राकडे नाही. ईसीजी त्या मिनिटाचं सांगतो. आपल्याला हवं असतं, "मला कधीच काही होणार नाही." हे लिहून देणारा डॉक्टर नाही, म्हणून आपलं समाधान होत नाही, आणि आपण समजतो की डॉक्टर चुकतायत.

धीर मागण्याचे प्रकार फक्त लॅबमधले नसतात, हे मला फार उशिरा कळलं. नवऱ्याला विचारणं, "अहो, माझे ओठ निळे दिसतायत का?" आरशासमोर जीभ काढून बघणं. मेडिकलवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारणं. डॉक्टर झालेल्या मावसभावाला रिपोर्टचा फोटो पाठवणं. पत्रिका नाहीतर हात दाखवून "आयुष्यरेषा ठीक आहे" हे ऐकून येणं, ताईत बांधणं. आमच्या गटातल्या एका काकांनी तीन ज्योतिषांकडून पत्रिका बघून घेतली होती, कारण दुसऱ्याने "छप्पन्नावं वर्ष जपा" म्हटलं होतं. श्रद्धेबद्दल मी बोलत नाही. चार दिवसांचा दिलासा आणि मग पुन्हा तीच तहान, हे चक्र लॅबमध्येही तेच आणि ज्योतिषाकडेही तेच.

जास्त तपासण्या केल्याने बिघडतं काय? पैसे गेले तर गेले, खात्री तर होते.

खात्री होत नाही, बहुतेक वेळा नवीन शंका हातात येते.

रक्ततपासणीतली "नॉर्मल" मर्यादा बहुतेक वेळा अशी ठरवतात की धडधाकट माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत बसतील. म्हणजे निरोगी वीस जणांतला एक त्या मर्यादेबाहेर जाणार, हे आधीच मान्य केलेलं असतं. आता एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एका निरोगी माणसाच्या केल्या तर निदान एक तरी आकडा ठळक छापून येण्याची शक्यता गणिताने ६४ टक्के निघते. आणि फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये साठ, सत्तर, ऐंशी तपासण्या असतात. त्यातल्या बऱ्याच एकमेकींशी जोडलेल्या असतात हे खरं, पण काही ना काही ठळक येणारच. ज्याला भीती नाही तो डॉक्टरांना दाखवून विसरतो. आपण तो एक आकडा उशाशी घेऊन झोपतो.

सोनोग्राफीचंही तसंच. थायरॉइडमध्ये बारीक गाठी, मूत्रपिंडावर साधी सिस्ट म्हणजे पाण्याची पिशवी, ग्रेड वन फॅटी लिव्हर, ही वाक्यं असंख्य धडधाकट माणसांच्या रिपोर्टमध्ये असतात. दक्षिण कोरियात चेकअपच्या जोडीला थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास व्हायला लागली, तेव्हा १९९३ च्या तुलनेत २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं निदान १५ पट झालं. त्या कॅन्सरने मरणाऱ्यांचं प्रमाण मात्र होतं तेवढंच राहिलं. ज्या गाठींनी आयुष्यभर काही केलं नसतं त्यांच्यासाठी हजारो माणसांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांना रोजच्या गोळ्या लागल्या.

सीटी स्कॅनबद्दल वेगळं सांगायला हवं. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, सीटीमध्ये असतात, आणि छातीच्या एका सीटीला साध्या एक्स-रेच्या पन्नासपटीहून जास्त मात्रा लागते. डॉक्टरांनी गरज पाहून सांगितला तर जरूर करा. मनाच्या शांतीसाठी करू नका.

मग वर्षाचं चेकअपसुद्धा करायचं नाही का?

तपासणी मोजकी, ठरलेली आणि डॉक्टरांनी सांगितलेली असावी. तब्येतीची तक्रार नसलेल्या माणसांनी सरसकट चेकअप केल्याने आयुष्य वाढतं का, याचा २०१९ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी आढावा घेतला. १७ अभ्यास, अडीच लाखांहून जास्त माणसं. मृत्यूच्या प्रमाणात फरक जवळपास दिसला नाही.

याचा अर्थ ब्लडप्रेशर मोजूच नका असा नाही. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी ब्लडप्रेशर, मधुमेह आणि तोंडाचा कॅन्सर, तर बायकांसाठी स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर, एवढ्यांची तपासणी ठेवली आहे. आरोग्य उपकेंद्रात ती फुकट होते. घरात कमी वयात हृदयविकार किंवा कॅन्सर झाला असेल, मधुमेह असेल, तंबाखू असेल, तर यादी बदलते आणि ती तुमच्या डॉक्टरांनी ठरवायची. माझी यादी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर लिहून दिली: वर्षातून एकदा बीपी, साखर, कोलेस्टेरॉल. खाली सही. ती चिठ्ठी फ्रिजवर आहे आणि ऑफर्सचे मेसेज आले की मी ती बघते.

मार्च महिना जवळ आला की हे मेसेज वाढतात, कारण आयकराच्या जुन्या पद्धतीत चेकअपच्या ५,००० रुपयांपर्यंतच्या खर्चाची वजावट मिळते. "आई-बाबांना भेट द्या" अशाही जाहिराती असतात. आपल्यासारख्यांनी ते मेसेज ब्लॉक करावेत, हे मी मनापासून सांगते.

आणि खरंच काही झालं असलं तर? मी दुर्लक्ष केलं आणि तेच निघालं तर?

हा प्रश्न मला वडिलांमुळे सगळ्यात जास्त छळायचा. दुर्लक्ष करा असं कोणीच सांगत नाही. काही लक्षणांना थांबायचंच नाही: छातीत दाब येऊन तो हात, जबडा किंवा पाठीकडे जाणं आणि सोबत दरदरून घाम, तोंड एका बाजूला वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, अचानक दम लागणं, शुद्ध हरपणं, उलटीतून रक्त किंवा डांबरासारखी काळी शौच. यात लगेच १०८ ला फोन करा किंवा हॉस्पिटल गाठा. तिथे गेल्यावर काही निघालं नाही तर शरम वाटून घेऊ नका.

काही लक्षणांना दोन-तीन दिवसांत वेळ घेऊन दाखवायचं: विनाकारण वजन उतरणं, न भरणारी तोंडातली जखम, स्तनातली नवीन गाठ, पाळी गेल्यानंतर रक्तस्राव, दोन आठवड्यांहून जास्त खोकला.

बाकीच्यांसाठी आमच्या गटाने एक पद्धत धरली आहे. लक्षण नवीन आहे का, की हे "आपलं जुनंच" आहे? जुनं असेल, आधी तपासलेलं असेल आणि त्यात बदल नसेल, तर नवीन तपासणी नाही. नवीन असेल पण वरच्या दोन्ही याद्यांत नसेल, तर वहीत तारीख घालायची आणि दोन आठवडे थांबायचं. टिकलं किंवा वाढलं तर एकाच डॉक्टरांकडे, फॅमिली डॉक्टरांकडे जायचं. मी २०२२ पासून वहीत ३१ नोंदी केल्या. दोन आठवड्यांनंतर उरल्या दोन, एक खांद्याचं दुखणं आणि एक आम्लपित्त. दोन्हींवर उपचार झाले.

एकच डॉक्टर का? दुसरं मत घेणं चांगलं नाही का?

मोठ्या ऑपरेशनआधी चांगलंच. पण आपण दुसरं मत घेत नसतो, आपण "काही नाही" हे वाक्य नव्या तोंडून ऐकायला जातो. नव्या डॉक्टरांना आपला इतिहास माहीत नसतो, म्हणून ते बिचारे पहिल्यापासून सगळं लिहून देतात. एका डॉक्टरांना सगळं खरं सांगा, ११ ईसीजीही सांगा. त्यांच्याशी ठरवून भेटा, समजा सहा आठवड्यांनी एकदा, दुखो न दुखो. भीती वाटली की भेट, ही गाठ त्याने सुटते.

गूगलवर किंवा एआयला लक्षणं विचारली तर?

नका विचारू. डोकेदुखीपासून सुरुवात केली की चौथ्या पानावर ट्यूमर असतो, आणि एआयला तुम्ही एकच प्रश्न दहा प्रकारे विचारत बसता, रात्री दोन वाजताही ते न कंटाळता उत्तर देतं. माणूस निदान कंटाळतो, त्यामुळे आपण थांबतो.

घरात बीपीचं यंत्र, ऑक्सिमीटर, घड्याळातला पल्स. हे ठेवू का?

डॉक्टरांनी नोंद ठेवायला सांगितली असेल तर त्यांनी सांगितलेल्या वेळी, सांगितलं तितक्याच वेळा. नसेल तर ऑक्सिमीटर कोणाला तरी देऊन टाका. २०२१ च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत रक्तातल्या ऑक्सिजनचा ९४ हा आकडा आपल्या सगळ्यांच्या डोक्यात कोरला गेला. त्या वेळी ते गरजेचंच होतं. पण लाट गेल्यावरही मी रात्री उठून बोट घालायचे. ९७ आलं की बरं, ९६ आलं की दुसरं बोट, मग तिसरं. बोटं गार असली, नेलपॉलिश लावलेलं असलं तरी आकडा हलतो.

नाडीचंही असंच आहे. बसलेल्या मोठ्या माणसाची ६० ते १०० मध्ये कुठेही असू शकते, जिना चढून आलं की ११०-१२० जाते. अधूनमधून एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणं धडधाकट हृदयातही होतं. घड्याळ सांगायला लागेपर्यंत आपल्या आजीला ते कधी कळलंच नव्हतं.

सवय तोडायची कशी? एकदम बंद करू?

एकदम बंद करायला गेलात तर आठवड्यात उलटा झटका बसतो. आधी आठ दिवस फक्त लिहा: किती वेळा नाडी बघितली, गाठ दाबली, गूगल केलं, कोणाला विचारलं. बदलायचं काही नाही. माझा पहिल्या दिवसाचा आकडा ६८ होता, आणि तो बघून मी रडले होते.

मग सोप्याकडून अवघडाकडे अशी शिडी करा. माझ्या शिडीची सगळ्यात खालची पायरी म्हणजे शाळेत असताना गाठीला हात लावायचा नाही. वरची पायरी म्हणजे लॅबवरून जाताना आत न शिरणं, आणि सगळ्यात वर वडिलांचं श्राद्ध झाल्यावर त्या आठवड्यात ईसीजी न काढणं. खालच्या पायरीची सवय झाली की वरची. मधल्या पायऱ्यांसाठी पुढे ढकलण्याची युक्ती कामाला येते. "बघायचं नाही" असं मनाला सांगितलं की ते हट्ट धरतं, म्हणून "वीस मिनिटांनी बघू" म्हणायचं. वीस मिनिटांनी इच्छा तितकीच असेल तर आणखी वीस. त्या वेळात हाताला काम हवं: भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या करा, दुकानात जाऊन या. अंथरुणावर पडून वाट बघितली तर ती वीस मिनिटं संपत नाहीत.

माझ्या मानसशास्त्रज्ञांनी कागदावर दोन रकाने करायला लावले होते. पहिल्यात लिहायचं, "मला हृदयविकार आहे." दुसऱ्यात, "मला हृदयविकाराची भयंकर भीती वाटते." मग गेल्या तीन वर्षांत जे जे घडलं ते कुठल्या रकान्याला जास्त शोभतं ते बघायचं. ११ स्वच्छ ईसीजी दुसऱ्यात. सहलीला गेल्यावर दुखत नाही, दुसऱ्यात. परीक्षेच्या पेपरांच्या गठ्ठ्यासमोर दुखतं, दुसऱ्यात. वडिलांना अटॅक आला, पहिल्यात. तो रकाना रिकामा राहिला नाही आणि राहायलाही नको होता. म्हणून तर फॅमिली डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल यादीत ठेवलंय.

मन चिंती ते वैरी न चिंती, असं आपण म्हणतो. पण मनाला गप्प बसवता येत नाही, हे मला कळलं. विचार येतो, त्याला येऊ द्यायचं. त्याच्यामागे रिक्षा करून लॅबला जायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

कोणाकडे जायचं? आणि हे किती दिवस चालतं?

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनाचे डॉक्टर झालेले, ते औषध देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक बोलून उपचार करतात. या त्रासावर सीबीटी नावाची बोलण्याची, सरावाची पद्धत सगळ्यात जास्त तपासली गेली आहे. इंग्लंडमध्ये प्राध्यापक पीटर टायरर यांच्या गटाने हृदय, पोट, श्वसन अशा हॉस्पिटलच्या ओपीडींत येणारे ४४४ रुग्ण घेतले होते. त्यातल्या निम्म्यांना पाच ते दहा भेटींची ही पद्धत दिली, आणि पाच वर्षांनीही तिचा फायदा टिकून होता. सत्रं घेणाऱ्यांत शिकवून तयार केलेल्या परिचारिकाही होत्या आणि त्यांचा गुण चांगला आला. म्हणजे यासाठी मोठ्या शहरातलं मोठं नावच हवं असं नाही.

खर्चाची अडचण असेल तर सिव्हिल हॉस्पिटलमधल्या मानसोपचार ओपीडीत जा. नुसतं बोलायचं असेल तर टेलि-मानस, १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास असते, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.

"मनाच्या डॉक्टरांकडे गेलो तर लोक काय म्हणतील" हा प्रश्न उरतोच. मी शेजारच्या तालुक्यात जायचे. तसं करायला काही हरकत नाही.

गोळ्या घ्याव्या लागतात का? त्यांची सवय लागते ना?

सगळ्यांना लागत नाहीत. मला दीड वर्ष लागली. सहसा देतात त्या एसएसआरआय नावाच्या, चिंता आणि नैराश्यावरच्या गटातल्या गोळ्या, म्हणजे फ्लुओक्सेटिन, एस्सिटॅलोप्रॅम वगैरे. त्यांची नशा किंवा ओढ लागत नाही. पण गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, घाबरेपणा उलट वाढू शकतो. हे आधी माहीत नसलं तर आपल्यासारखा माणूस तिसऱ्या दिवशी गोळी बंद करतो. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

सवय लागते ती अल्प्राझोलॅमसारख्या तात्काळ शांत करणाऱ्या गोळ्यांची. जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून त्या आणत राहणारी माणसं मला भेटतात, आणि त्यांची मला खरोखर काळजी वाटते. तुम्ही त्या रोज घेत असाल तर अचानकही सोडू नका, डॉक्टरांना सांगा.

घरच्यांनी काय करावं? माझे मिस्टर दिवसातून दहा वेळा विचारतात, "मला काही होणार नाही ना?"

"नाही हो, काही होत नाही" असं दहा वेळा म्हटलंत तर उद्या बारा वेळा विचारतील. "तुमची नाटकं बास झाली" म्हटलंत तर ते एकटे पडतील आणि चोरून ईसीजी काढतील. दोन्ही मी अनुभवलंय.

आधी शांत वेळी बसून दोघांनी ठरवा. माझ्या मानसशास्त्रज्ञांनी माझ्या नवऱ्याला एक वाक्य दिलं होतं, आणि ते माझ्यासमोरच दिलं होतं. मी विचारलं, "अहो, माझा श्वास नीट चाललाय ना?" तर ते म्हणायचे, "भीती वाटतेय का? मी आहे इथे. पण त्याचं उत्तर मी देणार नाही, आपलं ठरलंय." पहिल्या आठवड्यात मला त्यांचा इतका राग आला की मी दोन दिवस बोलले नाही. ते चहा करून समोर ठेवायचे आणि तिथेच बसायचे. सोबत देत राहिले, खात्री देणं सोडलं.

मी उलट आहे. डॉक्टरांकडे जायचीच भीती वाटते.

हाही त्याच त्रासाचा प्रकार आहे. काही जण हॉस्पिटलचा रस्ता टाळतात, आजारपणाच्या बातम्या लावू देत नाहीत, भेटायलाही जात नाहीत. तुमची शिडी उलटी: आधी फक्त बीपी, ओळखीच्या माणसाला बरोबर घेऊन. वर दिलेल्या लक्षणांपैकी काही असेल तर मात्र शिडीची वाट बघू नका.

मला स्वतःची नाही, मुलाची भीती वाटते.

ताप नसताना दर तासाला थर्मामीटर लावणं, रात्री त्याचा श्वास बघायला उठणं, हे चक्र तेच आहे आणि उपचारही तेच. मुलं आपल्या चेहऱ्यावरून शिकतात, म्हणून थोडी घाई करा. एक बालरोगतज्ज्ञ ठरवा आणि कुठल्या लक्षणांना लगेच यायचं ते त्यांच्याकडून लिहून घ्या.

पूर्ण बरं होतं का?

मला आजही घरात कोणाचं हॉस्पिटल निघालं की धस्स होतं. दरवर्षी दिवाळीनंतरचे पंधरा दिवस जड जातात. शेवटचा ईसीजी मार्च २०२२ मधला आहे. फाइल मी टाकून दिलेली नाही, ती माळ्यावर आहे, शिडी लावल्याशिवाय हाताला येत नाही.

आज रात्री दोन वाजता जाग आली आणि छातीत धडधडायला लागलं, तर नेमकं काय करू?

आधी वरची तातडीची यादी मनात म्हणा. त्यातलं काही असेल तर घरच्यांना उठवा, १०८ लावा. नसेल आणि हे तुमचं ओळखीचं, तपासलेलं दुखणं असेल, तर दिवा लावून उठून बसा, पाय जमिनीला टेकवा. नाडीला हात नको, फोन चार्जरवरून काढू नका. श्वास घेताना मनात चार मोजा, सोडताना सहा. भीतीची लाट सहसा काही मिनिटांत टोकाला जाते आणि मग उतरायला लागते, तिला उतरू द्या. कागदावर वेळ आणि मनातलं वाक्य लिहा: "२:१०. अटॅक येतोय असं वाटतंय." डॉक्टरांकडे जायचं की नाही ते सकाळी नऊनंतर ठरवायचं. जवळच्या माणसाला उठवावंसं वाटलं तर जरूर उठवा, "बघा ना मला काय होतंय" याऐवजी "भीती वाटतेय, जरा बसा" एवढं म्हणा.

मग स्वयंपाकघरात जा. मी ओट्यावर एका टोपलीत भुईमुगाच्या शेंगा ठेवलेल्या असायच्या. सोलायला बसायचे. पावशेर संपायच्या आत बहुतेक वेळा डोळे जड व्हायचे, आणि सकाळी चटणीला दाणे तयार असायचे.